न्हाई खाल्ली तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची खूण ओलांडली, त्या आठवड्यातली गोष्ट. एका शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती. बाकं एकावर एक चढवून भिंतीला लावलेली, मधल्या जागेत सतरंज्या, खिडक्यांच्या गजांवर वाळत टाकलेली लुगडी आणि गणवेश. ओल्या घोंगड्यांचा, फिनेलचा आणि कुठल्याशा तालमीनं पाठवलेल्या मसालेभाताचा मिळून एकच वास. दाराशी टेबल टाकून मी लेप्टोच्या, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्या देत होते, डॉक्सीसायक्लिनच्या. रांगेतून चिखलीच्या एक मावशी पुढे आल्या. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला, टाचांना खोल भेगा. म्हशी त्यांनी उंचावरच्या एका पाहुण्यांच्या रानात नेऊन बांधल्या होत्या आणि पाणी ओसरलं की गोठा धुवायला त्याच जाणार होत्या. मी गोळ्या हातावर ठेवल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. त्यांनी त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"ही खाल्ली म्हंजे ताप येत न्हाई?"

"शक्यता कमी होते, मावशी."

"आन् न्हाई खाल्ली तर?"

"तर येऊ शकतो."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना नाही."

"मग किती जणास्नी?"

मागं रांग वाढत होती, कडेवरची पोरं रडत होती. मी म्हटलं, तुम्ही गोठ्यातल्या चिखलात तास न् तास उभ्या राहणार, पायाला भेगा आहेत, तेव्हा तुम्ही घ्याच. मावशींनी मान डोलावली, गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि गेल्या. त्यांचं समाधान झालं की नाही कळलं नाही. माझं झालं नव्हतं.

एवढ्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. वैद्यकीय शिक्षणात आम्ही कुठल्या रोगावर कुठलं औषध ते पाठ केलं, मात्रा पाठ केली, दुष्परिणामही पाठ केले. औषध न देता काय होतं, याची उजळणी फारशी कुणी घेतली नाही. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांनी पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची मांडणी केली. त्या मांडणीत पहिली शिकवण प्रश्न नीट विचारायची आहे. कोणत्या माणसाला, काय दिलं, ते कशाच्या तुलनेत आणि त्यातून त्याचं नेमकं काय भलं व्हावं. या चारही गोष्टी जागेवर बसल्या तरच शोधण्यासारखा प्रश्न तयार होतो. चिखलीच्या मावशींनी त्या चारही गोष्टी उभ्या उभ्या विचारल्या होत्या. चिखलात काम करणारी मी, ही गोळी, गोळी न घेणारे, आणि ताप.

त्या दिवसांत आमच्या पेठेत पाणी आलं होतं म्हणून मी राजारामपुरीत बहिणीकडे होते. वीज येऊन जाऊन. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर पबमेड ही वैद्यकीय निबंधांची शोधसूची उघडली. नुसतं लेप्टोस्पायरोसिस टाकलं तर हजारो निबंध समोर येतात. त्यात उंदरांवरचे, गुरांवरचे, जंतूंच्या जातींवरचे. डॉक्सीसायक्लिन आणि प्रतिबंध हे शब्द जोडले की यादी आटते. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने दोन गट पाडून केलेले प्रयोग तेवढे वेगळे काढले, की हातात फार थोडे उरतात. मला आठवतं, मी पुन्हा शब्द बदलून शोधलं होतं, काही सुटलं असेल म्हणून. सुटलं नव्हतं. एवढा जुना आजार, दरवर्षी पावसाळ्यात अर्ध्या जगाला भेडसावणारा, आणि त्याच्या प्रतिबंधाचा भार मूठभर प्रयोगांच्या खांद्यावर. खिडकीबाहेर पाऊस चालूच होता आणि मला एकाच वेळी हायसंही वाटत होतं आणि राग येत होता.

पहिला प्रयोग पनामाच्या जंगलातला. १९८२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ९४० जवानांवर तो झाला, तिथे त्यांचं जंगलयुद्धाचं प्रशिक्षण होतं. अर्ध्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी निव्वळ पिठाची गोळी. खोट्या गोळीच्या गटात २० जणांना लेप्टो झाला, खऱ्या गोळीच्या गटात एकाला. वाचून कुणालाही वाटेल, मिटलं, वाटा गोळ्या. दुसरा प्रयोग उत्तर अंदमानातला, २००० साली प्रसिद्ध झालेला, ७८२ गावकऱ्यांवरचा. गोळी तीच, मात्रा तीच, पण रोगाच्या हंगामात आठवड्यामागून आठवडे दिलेली. तिथे रक्ततपासणीत जंतुसंसर्ग झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. प्रत्यक्ष आजारी पडलेले मात्र कमी, ६.८२ टक्क्यांऐवजी ३.११ टक्के. तिसरा ब्राझीलमधल्या साओ पावलोचा, पुराच्या पाण्यातून आलेल्या शहरवासीयांना नंतर एकच मात्रा देऊन केलेला. त्यात माणसं होती ऐंशीच्या आसपास आणि गोळीचा फायदा सिद्ध झाला नाही.

आता मावशी यातल्या कुणासारख्या?

पनामातले जवान तरुण, धडधाकट, परमुलखातून आलेले. त्या मातीतले जंतू त्यांच्या रक्तानं कधी बघितलेले नव्हते. जंगलातला मुक्काम तीनेक आठवड्यांचा, आणि शिस्त सैन्याची. आमच्या छावणीत गोळ्यांची पुडी उशाखाली राहते, शेजारणीच्या पोराला ताप आला तर त्याला दिली जाते, उपाशीपोटी घेतली तर मळमळते म्हणून टाकून दिली जाते. शिवाय मावशींचा जन्म चिखलात गेलेला. भाताची लावण, ऊस, म्हशी. त्यांचं शरीर या जंतूंना पूर्वी भेटलेलं असण्याचा संभव मोठा. त्या दृष्टीनं अंदमानचे गावकरी त्यांना जवळचे. साओ पावलोचे लोक आणखी एका अर्थानं जवळचे, कारण पाणी घरात शिरण्याचा अनुभव तोच. पण ऐंशी माणसांच्या प्रयोगाकडून किती मागायचं? एवढ्या लहान संख्येत खरोखरचा फायदाही नजरेतून निसटतो. तिथे फायदा दिसला नाही याचा अर्थ फायदा नाहीच असं म्हणता येत नाही, आणि आहे असं तर मुळीच म्हणता येत नाही.

अंदमानचे आकडे मी वहीच्या मागच्या पानावर उतरवले. १०० जणांनी गोळी घेतली नाही तर साधारण ७ आजारी पडतात, घेतली तर ३. म्हणजे एक आजारी माणूस वाचवायचा तर सुमारे २७ जणांनी हंगामभर गोळ्या खायच्या. उरलेल्या २६ जणांना त्यातून काही मिळत नाही, काहींना उलट्या मात्र मिळतात. हेच आकडे एखाद्या कंपनीच्या गुळगुळीत पत्रकावर आले असते तर ठळक अक्षरात '५४ टक्के घट' असं छापलं असतं. तेही खोटं नाही. पण आजारी पडणारे मुळात किती, हे त्यात झाकलं जातं. पत्रक पुढे आलं की मी आता पहिल्यांदा तेच विचारते, न घेणाऱ्यांतले किती. प्रतिनिधी बहुतेकदा तरुण मुलगा असतो, उन्हातून मोटारसायकलवर आलेला, त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही दोघं मिळून बारीक अक्षरातली तळटीप वाचतो.

कॉक्रेन या संस्थेनं २००९ मध्ये अशा तीन प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता. निष्कर्ष रोखठोक होता. आठवड्याच्या डॉक्सीसायक्लिननं मळमळ आणि उलट्या वाढतात, फायदा मात्र अस्पष्ट. २०२४ मध्ये नवा आढावा आला, पाच प्रयोगांचा, अडीच हजारांवर माणसांचा, आणि त्यानंही पुराव्याची खात्री अत्यंत कमी असल्याचंच सांगितलं. दहा-पंधरा वर्षांत जगात एवढे पूर येऊन गेले.

मी मिरजेला शिकले. आमच्या ग्रंथालयात इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय निबंधांच्या छापील सूचीचे जाडजूड खंड होते, बारीक टायपातले, पानं उलटताना बोटं काळी व्हायची. हवा तो निबंध सापडला तरी तो अंक आपल्याकडे असेलच असं नाही. मग लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवायचं, कृपया एक प्रत पाठवावी. कित्येक आठवड्यांनी परदेशी तिकिटं लावलेलं पाकीट यायचं आणि तोवर ज्या रुग्णासाठी शोध सुरू केला तो बरा होऊन घरी गेलेला असायचा, किंवा गेलेला असायचा. अशा एका पाकिटाची वाट बघत असतानाच मला मद्रासच्या क्षयरोग प्रयोगाची ओळख झाली. मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीचं क्षयरोग आरोग्यधाम, मोकळी हवा, झाडं, लांब व्हरांडे. क्षय म्हणजे असं ठिकाण, ही समजूत आमच्या भागात घराघरात. माझ्या आजोळची एक आत्या तिथे राहून आली होती, घरात तिच्याबद्दल हळू आवाजात बोलत. आणि १९५९ मध्ये मद्रासहून निकाल आला होता. १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरी, औषधं दोघांना तीच. आरोग्यधामातल्यांना चांगलं अन्न, विश्रांती, परिचारिका. वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास आले, आणि घरच्यांना लागण होण्याचा धोकाही घरी ठेवल्यामुळे वाढलेला दिसला नाही. ते वाचून मी ग्रंथालयाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते. आत्याची दोन लहान मुलं तेव्हा वर्षभर आईवाचून वाढली होती.

हा प्रयोग आपल्या लोकांवर, आपल्याच गरिबीत झाला होता, म्हणून त्याचं उत्तर आपल्याला लागू पडलं. दुसरीकडचं उत्तर उचलून आणलं की काय होऊ शकतं, ते कळायला मला फार लांब जावं लागलं नाही. निपाणी, संकेश्वर मागं टाकलं की दोन तासांत बेळगाव. दिवस भरायच्या आधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमध्ये १९७२ मध्ये प्रयोगानं दाखवलं. पुढे आणखी प्रयोग झाले, पण १९८९ पर्यंत कुणी ते नीट एकत्र मांडले नाहीत, आणि तोवर हजारो बाळं त्या इंजेक्शनवाचून गेली. कॉक्रेनच्या बोधचिन्हात त्याच प्रयोगांच्या आडव्या रेघा आहेत, ती बाळं विसरायची नाहीत म्हणून. मग साहजिक विचार आला, हे इंजेक्शन खेड्यापाड्यांत पोचवावं. सहा देशांत जवळपास एक लाख बाळंतपणांवर प्रयोग झाला. भारतातले भाग दोन, बेळगाव आणि नागपूर. निकाल २०१५ मध्ये आला. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. हजारी २३.९ वरून २७.४. आयांमध्ये संसर्गाची शंकाही जास्त.

ज्या इंजेक्शनच्या बाजूनं इतका भक्कम पुरावा होता, त्याच इंजेक्शननं.

हा निबंध मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. इंजेक्शन बदललं नव्हतं, भोवतालचं सगळं बदललं होतं. सोनोग्राफी नसताना दिवस किती गेले याचा अंदाज चुकतो, म्हणून इंजेक्शन घेतलेल्या पुष्कळ बायका पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. त्यांच्या बाळांना त्याचा उपयोग नव्हता, धोका तेवढा वाट्याला आला. अवेळी आलेल्या बाळाला ऊब आणि प्राणवायू देणारी खोलीही जवळ नव्हती. पुढे २०२० मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया इथल्या रुग्णालयांत, दिवस सोनोग्राफीनं मोजून आणि बाळाची सोय असताना, तेच इंजेक्शन पुन्हा तपासलं. तिथे अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आलं. दोन्ही निकाल खरे. आपली बाई कुठे बाळंत होणार आहे, यावर कुठला निकाल उघडायचा ते ठरतं. मी गावाकडच्या आशाताईंशी बोलते तेव्हा हे सगळं सांगते, आणि त्या ते माझ्यापेक्षा लवकर समजतात, कारण रस्ता कुठे खचलाय आणि रुग्णवाहिका किती वेळात येते हे त्यांना पाठ असतं.

आकड्यांच्या या बोलण्यावर माझे काही समव्यवसायी नाराज होतात. इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तो काय खोटा? नाही, खोटा नाही. अनुभवानंच आपण प्रश्न ओळखतो. पण दवाखान्यात परत येतात ती बरी झालेली माणसं. न बरी झालेली दुसरीकडे जातात, किंवा कुठेच जात नाहीत. सर्दीनं नाक गळणाऱ्या पोराला प्रतिजैविक दिलं की आठवड्यात ते बरं होतं आणि आई दुवा देते. न दिलं तरी आठवडा-दहा दिवसांत बरं होतंच, पण ते बघायला आपण थांबत नाही. अनुभवाला ती दुसरी बाजू दाखवावी लागते.

याबाबतीत माझा आदर सर्वांत जास्त कुणाबद्दल असेल, तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल. कोकणात लाल विंचू चावून मुलं फुफ्फुसात पाणी साठून जायची. रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी वापरलं आणि मरणारी मुलं वाचू लागली. ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे गेलं. कुणीही तिथे थांबलं असतं. पण विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आल्यावर त्यांनी स्वतःच्या प्राझोसिनला परीक्षेला बसवलं. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं ते छापलं. प्रयोग लहान आहे, एकाच रुग्णालयातला आहे, कुणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत होतं, हेही वाचताना लक्षात ठेवायचं. त्यानं माझा आदर तसूभरही कमी होत नाही. आपल्याच औषधापेक्षा दुसरं बरं निघालं, हे आपल्या हातानं लिहून पाठवायला मोठं मन लागतं.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा आली, ५६ फुटांच्याही वर. पुन्हा छावण्या, पुन्हा त्याच गोळ्या. आता मी गोळी देताना आकडा सांगते. शंभरातले सातेक जण आजारी पडतात, गोळीनं तिघांवर येतील असं एका बेटावर दिसलंय, आपल्याकडे तपासलेलं नाही. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही गोळी देत नाही, ज्यांचं काम चिखलातलं आहे त्यांना आग्रह करते, वरच्या मजल्यावरून थेट छावणीत आलेल्यांना करत नाही. ऐकून काही जण गोळी परत करतात. रबरी बूट मागणारेही निघाले, आणि बूट मिळवून देणं गोळ्या मिळवण्यापेक्षा अवघड गेलं. सगळ्यांनाच ताप आणि अंगदुखी सुरू झाली की त्याच दिवशी या, हे मात्र दोनदा सांगते, कारण लवकर उपचार मिळण्याचं महत्त्व गोळी घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला सारखंच.

आम्ही काही जण, त्यात दोन शिकवणारे डॉक्टर, एक संख्याशास्त्रज्ञ, एक सिस्टर, गेल्या वर्षापासून अशाच एका प्रयोगाचा मसुदा लिहितो आहोत. नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आली की तयारीला लागायचं, छावण्यांची यादी आधीच हातात ठेवायची, गोठे आणि घरं साफ करायला परतणाऱ्यांची नावं घ्यायची, संमती घ्यायची, आणि चिठ्ठ्या टाकून गोळी किंवा पिठाची गोळी. सुरू करण्याआधी देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद, म्हणजे निकाल नावडता निघाला तर तो दाबता येणार नाही. पहिल्या बैठकीत एकानं विचारलं, लोकांचं घर पाण्यात असताना चिठ्ठ्या टाकायच्या? त्या प्रश्नानं आम्ही सगळेच गप्प झालो होतो. मी अजूनही त्यावर विचार करते. पण उपयोग होतो की नाही हे माहीत नसताना दर पुरात हजारो माणसांना औषध खायला लावणं मला त्याहून जड वाटतं. नीतिसमितीला काय वाटतं ते ती सांगेल, आणि तिनं नाही म्हटलं तर ते मानावं लागेल.

मसुद्यात काय मोजायचं यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आम्ही लिहिलं होतं, रक्ततपासणीनं सिद्ध झालेला लेप्टो, रुग्णालयात भरती, मृत्यू. सिस्टर कागद वाचत होत्या. त्यांचं माहेर आंबेवाडीचं. त्या म्हणाल्या, "मॅडम, धारा किती दिवस चुकल्या तेबी लिवा की. बाई चार दिवस पडली तर म्हैस आटती, आणि मग वर्षभर संघात दूध जात न्हाई." संख्याशास्त्रज्ञांनी लगेच विचारलं, हे मोजायचं कसं. सिस्टर म्हणाल्या, डेअरीच्या पुस्तकावर रोजचं लिटर लिहिलेलंच असतं. तो रकाना आता तिसऱ्या पानावर आहे, मृत्यूच्या खाली आणि रक्ततपासणीच्या वर.